न्यूननची टाळ तोडलेली झाडं

शाळेतल्या माझ्या चित्रकलेच्या वर्गात, फळ्याच्या डाव्या बाजूला, एक चित्र वीसेक वर्षं चिकटवलेलं होतं. जुन्या कॅलेंडरातून कापलेलं, कडा पिवळ्या पडलेलं. एका रांगेत उभी ठेंगणी, गाठाळ झाडं, डोक्यावर केरसुणीसारख्या ताठ फांद्या. एका बाजूला खांद्यावर दंताळ्यासारखं अवजार घेऊन निघालेली बाई, दुसऱ्या बाजूला मेंढरांमागे चाललेला मेंढपाळ. व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं हे रेखाटन, 'छाटलेले बर्च', मार्च १८८४ मधलं. बर्च हे थंड प्रदेशातलं झाड. रंग नाही, नुसत्या शाईच्या रेघा. एलिमेंटरीच्या स्मरणचित्राला मुलं दोन डोंगर, मध्ये सूर्य आणि पायथ्याशी झोपडी काढायला लागली की मी त्यांना या चित्रासमोर उभं करायची. "सूर्यफुलवाल्यानंच काढलंय, बाई?" असं दरवर्षी कुणीतरी विचारायचंच.

मी निवृत्त झाले, चित्र शाळेतच राहिलं. लेक आणि जावई नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला राहायला गेले. चिप बनवण्याच्या यंत्रांच्या कामामुळे तिकडे आता मराठी घरं पुष्कळ आहेत. तिच्या घरापासून न्यूनन जेमतेम आठ किलोमीटर, आणि ते चित्र न्यूननलाच काढलेलं. मार्चच्या शेवटी जायचं हे माझ्या मनानं तेव्हाच घेतलं. चित्रातला महिना तोच.

पहिला दिवस, बुधवार, २६ मार्च

विमान, ट्रेन, सामान सगळं सुरळीत झालं. दुपारी मी आणि माझे यजमान लेकीच्या घरी पोचलो.

सगळ्यांनी सांगितलं होतं की मार्चात तिकडे पाऊस आणि चिखल. प्रत्यक्षात लख्ख ऊन होतं आणि वारा कानात घुसत होता. छत्री पाचही दिवस नुसती वाहिली. खरी गरज लागली ती कानटोपीची आणि वारा अडवणाऱ्या जाकिटाची. मार्चात जाणाऱ्यांनी दोन जाड स्वेटर नेण्यापेक्षा एक स्वेटर आणि वर असं जाकीट न्यावं.

ट्रेनच्या खिडकीतूनच चित्रातल्यासारखी झाडं दिसायला लागली होती. सपाट हिरवी शेतं, कडेनं पाण्याचे चर, आणि चरांच्या काठी छाटलेले वाळुंज. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर कापलेला बुंधा, वर मुठीसारखी गाठ. यांना डच लोक 'क्नोटविल्ख' म्हणतात, म्हणजे गाठीचा वाळुंज. आमच्या यांनी खिडकीला नाक लावून पाहिलं आणि म्हणाले, "अगो, ह्यांचे टाळ तोडलेले आसत मां?"

टाळ म्हणजे आमच्याकडे झाडाच्या तोडायच्या फांद्या. मी तेव्हा नुसतं हो म्हटलं. या वाक्यात किती होतं ते शुक्रवारी कळलं.

दुसरा दिवस, गुरुवार: अ‍ॅमस्टरडॅम

आइंडहोव्हनहून थेट गाडीनं दीडेक तास. तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. टॅप करून पैसे भरता येतात ते बँकेचं कार्ड चढताना आणि उतरताना फाटकावर टेकवायचं. उतरताना टेकवायला विसरलात तर जास्त पैसे कापले जातात, आणि माणशी एक कार्ड लागतं.

व्हॅन गॉग म्युझियमचं तिकीट वेळेसकट ऑनलाइनच काढावं लागतं. दारात मिळेल या भरवशावर जाऊ नका.

तिथं मला थोडा धक्का बसला. माझं चित्र भिंतीवर नव्हतं. कागदावरची शाई उजेडानं विटते, म्हणून रेखाटनं बहुतेक काळ अंधारात, पेट्यांमध्ये ठेवतात आणि आळीपाळीनं थोडे दिवस बाहेर काढतात. बाहेर असतात तेव्हाही उजेड अगदी मंद, पन्नास लक्सच्या आसपास. या संग्रहालयाकडे व्हिन्सेंटची पाचशेच्या आसपास रेखाटनं आहेत. एका वेळी दिसतात ती थोडीच. तिथल्या तरुण कर्मचारी मुलीनं हे सगळं इतक्या मायेनं समजावलं की वाईट वाटलं तरी राग आला नाही. एखादं ठरावीक रेखाटन पाहायला जाणार असाल तर निघण्यापूर्वी ते मांडलेलं आहे का, हे ईमेल करून विचारा. मी विचारलं नव्हतं.

पण 'बटाटे खाणारे' होतं. १८८५ च्या एप्रिल-मे मधलं, न्यूननचंच. छायाचित्रांत दिसतं त्याहून खूप काळोखं. दिव्याखाली बसलेल्या त्या पाच जणांचे हात मी बराच वेळ पाहत राहिले. सांध्यांपाशी जाड झालेली बोटं. आमच्या वाडीत लावणीच्या दिवसांत असेच हात दिसतात.

रात्री लेकीनं लॅपटॉपवर म्युझियमच्या संकेतस्थळावरून 'छाटलेले बर्च' उघडून दिलं. ते इतकं मोठं करता येतं की एकेक रेघ बोटाएवढी दिसते. वीस वर्षं वर्गात असलेलं चित्र मी त्या रात्री पहिल्यांदा नीट पाहिलं.

कागद साधारण चाळीस बाय चोपन्न सेंटिमीटर, म्हणजे आपल्या हाफ इम्पिरियलच्या जवळपास. आधी पेन्सिल, वरून पेन आणि शाई, थोडा अपारदर्शक पांढरा. शाई मुळात काळी होती, आता तपकिरी झाली आहे. बोरूनं काढलेली त्याची गाजलेली रेखाटनं १८८८ ची, फ्रान्समधल्या आर्लची. ही त्याआधीची, बारीक निबाची. बुंध्यावर आखूड, वाकड्या रेघा एकावर एक चढवलेल्या, जणू खरवडल्यासारख्या. फांद्यांपाशी मात्र हात एकदम बदलतो. गाठीतून निघालेली रेघ वर जाता जाता बारीक होते आणि हवेत संपते. खाली सगळं ओझं, वर सगळी चपळाई. माणसं बारकी आहेत, पण विसरता येत नाहीत, कारण बाईची वाट आणि मेंढरांची वाट दोन्ही त्या झाडांच्या मधून जातात.

हे काढलं तेव्हा तो एकतीस वर्षांचा होत होता. १८८३ च्या डिसेंबरात आईवडिलांकडे न्यूननला परतला होता. वडील तिथल्या प्रोटेस्टंट चर्चचे पाद्री. जानेवारीत हेलमंड स्टेशनवर गाडीतून उतरताना आईच्या मांडीचं हाड मोडलं, आणि शुश्रूषेत तो मनापासून राबला. त्याच सुमारास त्यानं भावापुढे, थिओपुढे, प्रस्ताव ठेवला की तू दरमहा पाठवतोस ते पैसे मदत म्हणून नकोत, त्याबदल्यात माझी चित्रं तुझी. त्या मार्चात त्यानं पेनानं अशी रेखाटनं एकामागून एक काढली: छाटलेले बर्च, पॉप्लरांची वाट, कुंपणामागची शेतं, घरामागची हिवाळ्यातली बाग. प्रत्येक चित्रात गावातलीच, रोजची जागा आहे.

तिसरा दिवस, शुक्रवार: न्यूनन

लेकीनं सुट्टी काढली. तीन सायकली घेतल्या. एक गोष्ट आधी सांगते: तिकडच्या बऱ्याच सायकलींना हँडलवर मागचा ब्रेक नसतो, पेडल उलटं फिरवलं की सायकल थांबते. गल्लीत दहा मिनिटं सराव करून मगच रस्त्याला लागा. सायकलींची वाट वेगळी असते, तिच्यावर चालू नका.

न्यूनन आता सुबक, सधन गाव आहे. गवताच्या छपरांच्या झोपड्या शोधत गेलात तर सापडणार नाहीत. पण पाद्रीबाबांचं घर जागेवर आहे. पांढऱ्या चौकटींच्या खिडक्या, समोर झाडं. आम्ही ते बाहेरूनच पाहिलं. मागच्या धुण्याच्या खोलीत, जिथं कपडे दाबायचं यंत्र असे, तिथं त्याचा पहिला स्टुडिओ होता. समोरच गावाचं व्हॅन गॉग संग्रहालय आहे. मूळ तैलचित्रांची अपेक्षा ठेवू नका, पण त्या दोन वर्षांचं आयुष्य तिथं फार चांगलं कळतं. आणि ते पाहून मग गावात फिरावं. गावभर खांब उभे केलेत, बटण दाबलं की त्या जागेची गोष्ट ऐकू येते. वडिलांचं छोटं अष्टकोनी चर्च चालत पाच-सात मिनिटांवर. आईचं मन रमावं म्हणून त्यानं याच चर्चचं लहानसं चित्र तिच्यासाठी रंगवलं. ते २००२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयातून चोरीला गेलं आणि २०१६ मध्ये इटलीत नेपल्सजवळ सापडलं.

दुपारी ओपव्हेटनच्या पाणचक्कीकडे निघालो. व्हिन्सेंटनं १८८४ च्या नोव्हेंबरात रंगवलेली ही चक्की अजून उभी आहे, शेजारी उपाहारगृह. वाटाण्याचं दाट सूप आणि राईचा काळा पाव मागवला. सूप इतकं दाट की चमचा उभा राहावा. त्यात डुकराचं मांस असतं, न खाणाऱ्यांनी आधी विचारावं. थंड वाऱ्यातून सायकल मारत आल्यावर त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

आणि तिथून परतताना, एका चराच्या काठी, ते आजोबा भेटले.

सत्तरीच्या पुढचे, पायात रबरी बूट, सायकलीला छोटी गाडी जोडलेली. छाटलेल्या वाळुंजाच्या फांद्या गोळा करून बांधत होते. आमचे हे सायकल उभी करून थेट त्यांच्यापाशी गेले. यांना इंग्रजी बेताचं, आजोबांचं बरं. पण अर्धं बोलणं हातांनीच झालं. यांनी झाडाच्या गाठीवर हात ठेवला, मग कोयता मारल्यासारखं केलं. आजोबा हसले आणि करवत दाखवली. पुढची वीस मिनिटं लेक आणि मी दुभाषी.

एवढ्या उंचीवर का कापायचं? खाली कापलं तर नवे कोंब गुरं खातात. यांनी लगेच मान हलवली. किती वर्षांनी? तीन-चार. कधी? पानं नसतात तेव्हा, हिवाळ्यात. मार्चच्या मध्यापर्यंत उरकायचं, पुढे पाखरं घरटी बांधतात. फांद्यांचं काय करायचे? कुंपण, टोपल्या, अवजारांचे दांडे, जळण. आणि बर्चच्या डहाळ्यांच्या केरसुण्या. मग यांनी सांगायला सुरुवात केली. आमच्याकडे कोकणात फेब्रुवारी-मार्चात ऐन, किंजळ या झाडांवर चढून टाळ तोडतात. ते वाफ्यावर शेण, पातेरा, मातीबरोबर रचून पेटवतात. ती भाजावळ. मग पावसात तिथं भाताचा तरवा पेरतात. जाड फांदी असेल तर आधी खालच्या अंगानं घाव घालायचा, मग वरून, नाहीतर फांदी पडताना साल ओरबाडत नेते. हे त्यांनी करवत हातात घेऊन एका आडव्या ओंडक्यावर करून दाखवलं. आजोबांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. ते पण तसंच करतात.

मी पिशवीतून लेकीनं छापून दिलेलं 'छाटलेले बर्च' काढलं. आजोबांना चित्र माहीत होतं. त्यांनी झाडांवरून बोट नेलं आणि मेंढरांवर थांबवलं. म्हणाले, लोक झाडं बघतात, पण हे जास्त महत्त्वाचं. या ब्राबांट प्रांताची जमीन वाळूची, काही धरून ठेवत नाही. रासायनिक खतं येण्याआधी मेंढरं माळावर चारायची, रात्री गोठ्यात माळाची खरवडलेली गवताळ माती अंथरायची आणि तिचं शेणासकट खत शेतात न्यायचं. मेंढरं नाहीत तर राई नाही आणि बटाटे नाहीत.

मी वीस वर्षं मुलांना सांगत आले होते: बघा, झाडांची लय बघा, मोकळी जागा बघा, माणसं प्रमाणासाठी आहेत. त्यात चूक काही नव्हती. पण चराच्या काठी त्या दोघांच्या मध्ये उभं राहून पाहिलं तेव्हा त्या चित्रातली प्रत्येक गोष्ट कामाला जुंपलेली दिसली. झाडं तशी वाकडी आहेत कारण कुणाला दांडा हवा होता, कुणाला जळण. मेंढपाळ शोभेला नाही, तो खत घेऊन चाललाय. व्हिन्सेंटनं कोयत्याची खूण तशीच ठेवली, एकही झाड सुंदर करून घेतलं नाही. मला हे चित्र आयुष्यभर का सोडवत नव्हतं ते तिथं उमगलं. माझ्या माहेरच्या मळ्याच्या बांधावरचे ऐन असेच दिसतात आणि मी त्यांचं चित्र कधी काढलं नव्हतं. काढण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

निघताना आजोबांनी एक सरळ, बोटाएवढी जाड, छातीभर उंचीची फांदी यांच्या हातात दिली. जमिनीत खोचा, जगेल, म्हणाले. वाळुंज तसा जगतोच.

परतीला जुन्या कब्रस्तानापाशी थांबलो. तिथला पडका मनोरा व्हिन्सेंटनं पुन्हा पुन्हा रंगवला, तो १८८५ मध्ये पाडला. वडील तिथंच पुरलेले आहेत. २६ मार्च १८८५ ला ते दारातच कोसळले आणि ३० मार्चला, व्हिन्सेंटच्या वाढदिवशी, त्यांना पुरलं. वारा होता, कुणी नव्हतं. आम्ही तिघं थोडा वेळ उभे राहिलो.

अंधार पडेपर्यंत थांबता आलं तर न्यूनन-आइंडहोव्हन मार्गावरची चमकणारी सायकलवाट जरूर बघा. २०१४ मध्ये केलेली, दिवसा उजेड साठवणाऱ्या खड्यांची. आम्ही पोचलो तेव्हा आभाळ नुकतं काळवंडलं होतं आणि पायाखाली हिरवट-निळे ठिपके उजळत होते.

चौथा दिवस, शनिवार: डेन बॉस

जाताना गाडी मध्येच रद्द झाली, पुढच्या स्टेशनवर तासभर बसलो. शनिवारी-रविवारी रुळांची कामं चालतात, तेव्हा निघण्याआधी अ‍ॅपवर बघावं.

डेन बॉस शहरातल्या नॉर्डब्राबांट संग्रहालयात व्हिन्सेंटच्या ब्राबांटमधल्या काळातली मूळ चित्रं आहेत. गर्दी अ‍ॅमस्टरडॅमच्या मानानं काहीच नाही, एकेका चित्रासमोर हवं तितकं उभं राहता येतं. माझं ऐकाल तर हे चुकवू नका.

तिथंच एक गोष्ट पुन्हा आठवली आणि पोटात कालवलं. १८८५ च्या नोव्हेंबरात तो अँटवर्पला निघून गेला तो परत आलाच नाही. पुढच्या वर्षी आई ब्रेडा शहरात राहायला गेली, आणि त्याचं मागे राहिलेलं काम खोक्यांत भरून एका सुताराकडे ठेवलं. ते तिथंच पडून राहिलं. १९०२ मध्ये सुतारानं ते भंगारवाल्याला विकलं, आणि भंगारवाल्यानं हातगाडीवरून काही सेंटांना एकेक चित्र विकलं. काही कागद रद्दीत गेले. 'छाटलेले बर्च' वाचलं, कारण ते थिओकडे पोचलं होतं. थिओ गेल्यावर त्याची बायको यो हिनं सगळं जपलं, पत्रं छापली, चित्रं दाखवली. त्या बाईचं नाव प्रत्येक चित्रकलेच्या वर्गात घ्यायला हवं.

खाण्याचं सांगायचं तर इथला 'बॉस्से बॉल' खाल्लाच पाहिजे. मुठीपेक्षा मोठा गोळा, आत फेटलेली साय, बाहेर गडद चॉकलेट. दोघांत एक पुरतो. आणि ब्राबांटचा खिमा भरलेला लांबट पाव, गरम असताना, रस्त्यात चालत खायचा.

पाचवा दिवस, रविवार, ३० मार्च

घड्याळं रात्री एक तास पुढे सरकली होती. मार्चच्या शेवटच्या रविवारी असं होतं, त्या दिवशी विमान असेल तर सांभाळा.

त्याच दिवशी पाडवा होता. आणि व्हिन्सेंटचा वाढदिवस, जन्म ३० मार्च १८५३. गुढीला काठी म्हणून लेक झाडूचा दांडा काढत होती. यांनी न्यूननची वाळुंजाची फांदी आणून दिली. तिलाच रेशमी खण बांधला, गाठी घातली, वर तांब्या. आंब्याचा टाळा कुठून मिळणार, शेजारच्या बागेतली पिवळी डॅफोडिल्स मागून आणली. बाल्कनीत वाऱ्यानं खण फडफडत होता. समोरच्या घरातल्या डच बाई विचारायला आल्या आणि श्रीखंड खाऊन गेल्या. संध्याकाळी गुढी उतरवल्यावर यांनी ती फांदी परसात, कुंपणाच्या कडेला, हातभर खोल खोचली आणि बादलीभर पाणी घातलं.

मी दुपारभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून 'छाटलेले बर्च'ची नक्कल करत होते. निब लेकीच्या लहानपणचं, शाई नातीची. बुंधा जमला. फांद्या जमल्या, मनगट न टेकवता काढल्यावर. तरी झाड उभं राहत नव्हतं, कुठंतरी खोटं वाटत होतं. आमचे हे, हात पुसत, मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहिलं.

"गाठ बारीक काढलंस," ते म्हणाले. "वर्सानुवर्सां टाळ तोडल्यार गाठ मोठी जातली मां."

मी छापील चित्र जवळ ओढून पाहिलं. व्हिन्सेंटची गाठ बुंध्याच्या दीडपट रुंद होती. मी निब शाईत बुडवलं आणि गाठीभोवती आणखी रेघा चढवायला घेतल्या.